माडावरचं माप

मालवण तालुक्यात परड्यातल्या दोन माडांच्या मध्ये तार ताणलेली दिसली, तर तिचे अर्थ दोनच. एक तर तिच्यावर कपडे वाळतात, नाही तर ती केबलवाल्याची असते. ती अँटेना आहे, तिच्या मधोमध लोंबणारी काळी वायर खिडकीतून आत जाऊन एका पेटीला लागते, आणि त्या पेटीपुढे बसलेला गृहस्थ याच तारेवरून जपानशी, ते न जमल्यास निदान जळगावशी, बोलू बघतोय, हे वाडीत कुणाला सांगून पटत नाही. एवढी चांगली तार, आणि तिच्यावर साधा पंचा वाळत घालू देत नाही, म्हणजे माणूस तिरसट. चर्चा इथेच संपते.

या छंदाला हॅम रेडिओ म्हणतात. त्याला केंद्र सरकारचा रीतसर परवाना लागतो, परीक्षा द्यावी लागते, आणि पास झालं की व्हीयू-टू किंवा व्हीयू-थ्रीने सुरू होणारं एक नाव मिळतं. व्हीयू-थ्रीवाल्याला ५० वॅटपर्यंत ताकद वापरायची मुभा, व्हीयू-टूवाल्याला ४००पर्यंत. राजीव गांधींचं नाव व्हीयू-टू-आरजी होतं. ही माहिती प्रत्येक नवा हौशी आपल्या सासऱ्यांना सांगतो, कारण छंदाच्या बाजूने सांगण्यासारखं दुसरं काही त्याला ऐन वेळी आठवत नाही. परवान्याला मात्र चौकट करून तो दर्शनी भिंतीवर, शक्यतो देवांच्या शेजारी लावावा. २००८च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर तार, पेटी आणि कानाला हेडफोन लावून इंग्रजीत पुटपुटणारा माणूस हे तिन्ही एका घरात असलेलं लोकांना आवडत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असंही नाही.

यातली गंमत अशी की अँटेना स्वतः अगदी गरीब वस्तू आहे. सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी साधी द्विध्रुव अँटेना, म्हणजे आपली डायपोल, करायची तर १४३ला फ्रीक्वेन्सीने भागायचं. ७.१ने भागलं की २० मीटर आणि वर थोडे सेंटिमीटर एवढं उत्तर येतं. तेवढी तांब्याची तार घ्या, मधोमध तोडा, तिथे केबल जोडा, दोन्ही टोकं उंच बांधा. झाली अँटेना. पुण्यामुंबईचा हौशी खांब उभारायला जागा मिळावी म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीला दर दिवाळीला मिठाई देतो. आमच्याकडे खांब आज्यापणज्यांनी लावून ठेवलेत, ते दर वर्षी थोडे उंच होतात आणि वर नारळही देतात. बाकीचं सामान बंदरावरच्या मासेमारीच्या दुकानात मिळतं. नायलॉनचा दोर, कप्पी, तंगूस, शिशाच्या गुळ्या. गुळी तंगुसाला बांधायची, गलोलीने माडाच्या शेंड्यावरून पलीकडे मारायची, मग तंगुसाला दोर आणि दोराला तार. हे सगळं काही शे रुपयांत भागतं.

खरा खर्च त्यानंतरच्या एका प्रश्नापासून सुरू होतो. ही अँटेना चालते का?

मार्कोनीपुढे हाच प्रश्न होता. १२ डिसेंबर १९०१ला न्यूफाउंडलंडमध्ये त्याने अँटेनाची तार पतंगाला बांधून वाऱ्यावर सोडली आणि अटलांटिकपलीकडून येणारे मोर्सचे तीन टिंब कानाला रिसीव्हर लावून ऐकले. ऐकले असं तो म्हणाला. खरंच ऐकले का आकाशातल्या खरखरीत त्याला तसा भास झाला, यावर जाणकारांचा वाद अजून मिटलेला नाही. पण एक गोष्ट नक्की, त्याच्याजवळ मीटर नव्हतं. असतं तर तो पतंग उतरवून तार चार इंच कापत बसला असता आणि अटलांटिक पार करायचं राहून गेलं असतं.

मालवणच्या ट्रॉलरवाल्यांकडेही मीटर नसतं. त्यांच्याकडे सागरी व्हीएचएफ संच असतात, संकटासाठीचं सोळा नंबरचं चॅनल, १५६.८ मेगाहर्ट्झ, आणि केबिनच्या डोक्यावर एक काठी अँटेना. "ही बरोबर चालते का, हे तुम्ही कसं तपासता?" असं मी एका तांडेलाला विचारलं. त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. "आमी बटण दाबतंव, इचारतंव, आयकतंस काय रे? तो म्हणता, आयकतंय. झाला."

"आणि तो काही बोललाच नाही तर?"

"मगे फोन करतंव."

ही चाचणी शास्त्राला पूर्ण धरून आहे, खर्च शून्य आहे, आणि म्हणूनच कुठलाही स्वाभिमानी हौशी ती करत नाही. हौशाला आकडा लागतो.

त्या आकड्याचं नाव एसडब्ल्यूआर. आपण अँटेनेकडे ताकद पाठवतो. अँटेनेचं आणि केबलचं जमलं, तर ती सगळी हवेत जाते. नाही जमलं, तर काही भाग वरून परत येतो. काहीच परत आलं नाही तर आकडा एक. दीड असेल तर चार टक्के परत येतं, दोन असेल तर अकरा टक्के, तीन असेल तर पंचवीस. आता अकरा टक्के ताकद गेली म्हणजे पलीकडे ऐकणाऱ्याला किती कमी ऐकू येतं? अर्धा डेसिबल. रेडिओवरच्या सिग्नलच्या काट्याची एक पायरी सहा डेसिबलची असते, म्हणजे त्या पायरीचा बारावा हिस्सा. माणसाच्या कानाला तो कळणं शक्य नाही; कुत्र्याला कळेल, पण कुत्र्याला परवाना मिळत नाही. आकडा तीनच्या घरात गेला तर हल्लीचे संच घाबरून आपली ताकद आपणच उतरवतात, त्यामुळे दोनच्या खाली राहावं हे ठीक आहे. पण दीडचा एक पूर्णांक एक करण्यासाठी माणसं भर मे महिन्यात शिडी लावतात. मुलीच्या लग्नात पत्रिका एवढ्या बारकाईने पाहिली नसेल, एवढा तो आकडा पाहतात. आणि एकमेकांना सांगताना आवाज खाली आणून सांगतात, "माझा एक पूर्णांक शून्य पाच आहे," जसा कोणी आपला रक्तदाब सांगावा.

हा आकडा दाखवणारं सगळ्यात स्वस्त यंत्र म्हणजे काट्याचं एसडब्ल्यूआर मीटर. बाजारात दीड-दोन हजारांत मिळणारी यांतली बरीचशी परदेशातल्या ट्रकवाल्यांसाठी केलेली असतात, २७ मेगाहर्ट्झच्या सिटिझन्स बँडसाठी. सातवर त्यांचा काटा हलतो हे खरं, पण कशासाठी हलतो ते काट्यालाच माहीत. शिवाय पाच वॅटवर तो हलतच नाही, आणि पूर्ण ताकद सोडून मापायचं म्हणजे जी अँटेना चांगली आहे की नाही हे माहीत नाही, तिच्यात आपला सगळ्यात महागडा संच रिकामा करायचा. स्वस्त वस्तू घेऊ नये असं माझं मत नाही, हा लेखच स्वस्त वस्तूंच्या बाजूने आहे. पण हे मीटर तुमच्या परड्यापेक्षा ट्रकसाठी बरं.

कोकणातल्या अँटेनेचं एक खास वैशिष्ट्य इथे नोंदवलं पाहिजे. ती पावसाळ्यात सुधारते.

एप्रिलमध्ये घरातलं मीटर पावणेदोन दाखवत असतं. जूनमध्ये पाऊस लागतो. जुलैत दीड. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून घरी येऊन बघावं तर एक पूर्णांक तीन. गणपतीत एक पूर्णांक दोन. हौशी प्रसन्न असतो, आरतीला टाळ जोरात वाजवतो. फक्त त्याचं कुणाला ऐकू जात नाही, आणि त्यालाही कुणाचं ऐकू येत नाही, पण त्याचा दोष तो आयनावरणाला देतो. आयनावरण उत्तर द्यायला येत नाही.

घडलेलं असतं ते असं. केबलच्या वरच्या टोकाला जो जोड असतो, त्यातून पाणी आत शिरतं, आणि इथलं पाणी म्हणजे वाऱ्याबरोबर येणाऱ्या खाऱ्या कणांसकट. केबलच्या आतली तांब्याची वेणी ते पाणी दोरीत तेल चढावं तसं मीटर-मीटर ओढून घेते आणि काळीहिरवी पडते. आता केबलच ताकद खायला लागते. वर जाताना अर्धी खाते, परत येताना उरलेल्यातली अर्धी खाते. परत आलेलंच मोजणाऱ्या मीटरला वाटतं, काही परत येत नाही, म्हणजे अँटेना उत्तम. हिशेब सरळ आहे. केबलने एका फेरीत तीन डेसिबल खाल्ले, तर वर अँटेना अजिबात नसली, केबलचं टोक नुसतं लोंबत असलं, तरी खाली आकडा तीन येतो. दहा डेसिबल खाल्ले तर एक पूर्णांक दोन. म्हणजे गणपतीतलं ते समाधान वर माडावर तार शिल्लक नसतानाही मिळू शकतं. मापात पाप हे वाण्याच्या तराजूपुरतं नाही, ते असं खिडकीतूनही येतं.

दोन उपाय आहेत, दोन्ही स्वस्त. वरचा जोड स्वतःशीच चिकटणाऱ्या रबरी टेपने गुंडाळून वर एम-सील थापायचं, पहिला पाऊस पडायच्या आधी. दुसरा, केबलचं वरचं टोक अँटेनेपासून सोडवून तिथे आतबाहेरच्या तारा एकमेकींना जोडायच्या आणि खालून किती परत येतं ते मापायचं; जेवढे डेसिबल हरवले त्याच्या निम्मे केबल खाते. हे मापायला काट्याचं मीटर पुरत नाही. त्यासाठी जे लागतं त्याच्याकडे येतोच, पण मध्ये खोबरेल आहे.

कुठल्याही मीटरवर विश्वास ठेवण्याआधी त्याला एक खोटी अँटेना दाखवून बघावी, असा नियम आहे. खोटी अँटेना म्हणजे डमी लोड, ५० ओहमचा रोध, जो आलेली ताकद गुपचूप उष्णतेत घालवतो. त्यावर आकडा एकच यायला हवा. विकत घेण्याची गरज नाही. एक किलोओहमचे, दोन वॅटचे वीस कार्बन रोध शेजारी शेजारी जोडले की ५० ओहम आणि ४० वॅट होतात. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याला पासोड्या विठोबापाशी वीस रोधांना जे पैसे पडतात, त्यात मालवणात साधी सोलकढी येते. जास्त ताकद सोसायची तर तो जुडगा पत्र्याच्या डब्यात तेलात बुडवून ठेवतात. पुस्तकं ट्रान्सफॉर्मरचं तेल सांगतात. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात विषारी रसायनं असू शकतात, तेव्हा त्याच्या नादी न लागलेलं बरं, आणि कोकणी माणूस तेल म्हटल्यावर ज्या डब्याकडे हात नेतो तो घरातच असतो.

खोबरेलातला डमी लोड उत्तम चालतो. फक्त खोबरेल साधारण २४ अंशाखाली थिजतं, त्यामुळे पौष महिन्यातल्या पहाटे रोध पांढऱ्या वडीत अडकलेले सापडतात. तेल पातळ करण्यासाठी मग ताकद सोडावी लागते. ताकद सोडली की तेल तापतं, तेल तापलं की घरभर खमंग वास सुटतो, आणि वास सुटला की शेजारून विचारणा होते, आज सुरमई कितीक गावली. उत्तरात "सुरमई नाही, पन्नास ओहम" असं सांगितल्यावर शेजारधर्म दोन दिवस जरा थंडावतो.

याहूनही स्वस्त म्हणजे ट्यूबलाइट. डायपोलच्या टोकांना विद्युतदाब सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे रात्री संच चालू असताना टोकाजवळ नुसती ट्यूब हातात धरली तर ती कुठलीही वायर न जोडता पेटते. अँटेनेत ताकद पोहोचते, याचा हा बिनपैशाचा आणि देखणा पुरावा. पण माडाखाली अंधारात एका माणसाच्या हातात ट्यूब आपोआप पेटते, विझते, पुन्हा पेटते, हे रस्त्यावरून जाणाऱ्याने पाहिलं, तर ते विज्ञान म्हणून घ्यायचं की देवचार म्हणून, हे त्याच्या शाळेवर अवलंबून आहे. देवचाराचं पारडं जड आहे. आणि हात तारेला लागला तर जळतो, म्हणून ट्यूब लांब काठीला बांधावी. मग तर प्रश्नच मिटला, हातात दिवटी घेतलेला देवचारच तो.

आता मुख्य देवता. तिचं नाव नॅनोव्हीएनए.

केबलच्या टोकाशी अँटेना नेमकी कशी वागते हे वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीवर, आलेख काढून दाखवणारं यंत्र प्रयोगशाळांत पूर्वीपासून आहे, व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझर. त्याची किंमत लाखांत असते आणि ते उचलायला दोन माणसं लागतात. एका जपानी हौशाने हेच काम करणारी पत्त्याच्या जोडाएवढी वस्तू बनवली आणि नकाशा सगळ्यांसाठी खुला ठेवला. २०१९च्या सुमारास चिनी बनवणाऱ्यांनी ती हजारोंनी काढली. ५० किलोहर्ट्झपासून ९०० मेगाहर्ट्झपर्यंत मापते. किंमत चार हजारांपासून आठ हजारांपर्यंत, पडद्याच्या आकाराप्रमाणे. मूळ नकाशा खुला असल्यामुळे नकला अनेक, नकलांच्याही नकला. दुकानदार अभिमानाने सांगतो, "हा ओरिजनल क्लोन आहे, साहेब." या वाक्यात तत्त्वज्ञान बरंच असलं तरी एक साधी खूण लक्षात ठेवावी. आत मापणाऱ्या भागावर पत्र्याचं झाकण असलेली नक्कल बरी, उघडी नक्कल जरा भुलभुलैय्या दाखवते.

दुकानात जाणं नसेल तर ती कुरिअरने मागवावी लागते. मालवणचा पिनकोड घातला की दोन गोष्टी होतात. पार्सल मुंबईहून निघाल्याचं दुसऱ्याच दिवशी कळतं, आणि नंतर चार दिवस ते कणकवलीत असतं. कणकवलीपर्यंत सगळं वेळेवर येतं. पुढचा घाट पार्सलला कोण समजावणार? (घाट नाही, हे मलाही माहीत आहे. पार्सलला माहीत नाही.)

यंत्र हातात आलं की पहिल्यांदा दिसतो स्मिथ चार्ट. बेल प्रयोगशाळेतल्या फिलिप स्मिथ नावाच्या अभियंत्याने १९३९ साली प्रसिद्ध केलेलं हे गोल चित्र; अँटेना कुठल्या फ्रीक्वेन्सीवर कुठे वळते याची एक वेडीवाकडी रेषा त्यावर उमटते. खाडीत फेकलेला पाग पाण्यावर पसरावा तसा तो दिसतो, आणि अंदाजे तेवढीच माहिती देतो: मासा कुठे आहे हे पागी ओळखतो, आपल्याला नुसतं जाळं दिसतं. रेषा मध्यावर आली की चांगलं. हौशांपैकी बहुतेक जण एवढंच जाणतात, आणि खरं तर एवढ्यावर भागतं.

भागत नाही ते कॅलिब्रेशनशिवाय. या यंत्राबरोबर तीन चिमुकले तुकडे येतात, एक उघडा, एक बंद, म्हणजे आतून जोडलेला, एक ५० ओहमचा. मापायच्या आधी, जिथे अँटेना जोडणार त्याच ठिकाणी, ते एकेक करून लावायचे आणि यंत्राला शिकवायचं की हे उघडं, हे बंद, हे ५०. फ्रीक्वेन्सीचा पट्टा बदलला की पुन्हा. हे न करता घेतलेलं माप म्हणजे चष्मा न घालता वाचलेलं वर्तमानपत्र. तुकडे करंगळीच्या नखाएवढे आहेत. परड्यात पडले तर पालापाचोळा, शेणखत आणि सुक्या झावळ्यांत त्यांचा शोध लागत नाही. आणि सगळ्यात आधी हरवतो तो ५० ओहमचाच, कारण तो सोन्यासारखा चमकतो आणि कावळ्यांना आवडतो. (कावळ्याचं मी सांगतो ते पुराव्याने सिद्ध करता येणार नाही. पण परड्यात दुसरं कोण होतं?)

पडदा उन्हात दिसत नाही. मे महिन्यातल्या बारा वाजता एक माणूस केबल धरून, दुसरा छत्री धरून आणि तिसरा, सल्ला देण्यासाठी, असे तीन लागतात. तिसरा आपोआप येतो.

एक इशारा गंभीरपणे. या यंत्रात कधीही संचाची ताकद सोडू नये, ते क्षणात जळतं. ते स्वतः अँटेनेत जेवढी ताकद पाठवतं ती मिलिवॅटचा अंश. त्याहून फसवं म्हणजे वळवाच्या ढगांचं. पावसाआधीच्या दिवसांत आकाश तापलेलं असताना २० मीटरच्या तारेवर स्थिर विद्युत साठते. वीज पडायची गरज नाही, साठलेला भार केबलमधून उतरला तरी यंत्राचं तोंड जातं. आधी केबलच्या आतबाहेरच्या तारा एकमेकींना टेकवून भार उतरवावा, मगच यंत्र जोडावं. आणि गडगडाट ऐकू आला की माप, छत्री, तिसरा माणूस, सगळं घरात.

हैदराबादचे अश्हर फरहान, व्हीयू-टू-ईएसई, यांनी अँटुइनो नावाचं असंच एक यंत्र बनवलंय, आर्डुइनोवर चालणारं, अँटेना, ताकद आणि फिल्टर सगळं तपासणारं. हेच ते गृहस्थ ज्यांनी २००३मध्ये बिटएक्स हा संच काढला आणि त्याची तारांची वेटोळी नळाच्या वॉशरवर गुंडाळली, कारण वॉशर गावोगावच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. जगभरच्या हौशांनी मग नळाचे वॉशर विकत घेतले. भारतीय माणसाने स्वस्तात करून दाखवलेल्या गोष्टींत नारायणगावाजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीणही येते. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पण पत्रा न वापरता दोरांवर ताणलेली तारेची जाळी, गोविंद स्वरूप यांच्या डोक्यातून निघालेली. एवढ्या मोठ्या अँटेनेला मीटर लावता येत नाही. ती आकाशातल्या ठाऊक असलेल्या रेडिओ स्रोतांकडे वळवतात, आणि त्यांचा आवाज जेवढा यायला हवा तेवढा येतो का ते बघतात. म्हणजे तांडेलाचंच. आयकतंस काय रे?

हौशांना हेच करता येतं, पैसे न घालवता, आणि या सगळ्या लेखात मला ज्याची शिफारस करायची आहे ते हेच. डब्ल्यूएसपीआर नावाची एक प्रणाली आहे, तिला विस्पर म्हणतात. ती जो टेलर यांनी लिहिली. टेलर म्हणजे १९९३चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले खगोलशास्त्रज्ञ, आणि हौशी रेडिओवालेही. त्यांनी सॉफ्टवेअर फुकट ठेवलं, म्हणजे नोबेल विजेत्याने तपासून दिलेली अँटेना ही आपल्याला डमी लोडच्या तेलापेक्षाही स्वस्त पडते. संच दोन मिनिटांत एक संदेश पाठवतो: तुमचं नाव, ठिकाण, ताकद. ठिकाण चार अक्षरी जाळीत सांगायचं. मालवण एमके-६६ मध्ये येतं. तुम्ही दिवा घालवून झोपायला गेलात तरी चालेल. जगात कुठे कुठे त्याच प्रणालीचे संच ऐकत असतात, आणि ज्याला ऐकू येतं तो आपोआप नोंद करतो की मालवणहून इतका सिग्नल आला. सकाळी बघायचं, किती लांबून कोणी ऐकलं. पाच वॅटवर, कधी त्याहून खूप कमीवर. माडावरची तार पूर्व-पश्चिम बांधलेली बरी की दक्षिण-उत्तर, अडीच मीटर वर नेल्याने काय फरक पडला, हे या नोंदी सांगतात. एसडब्ल्यूआर सांगत नाही.

माणसांकडून हे कळत नाही, कारण माणसं सभ्य असतात. रोज सकाळी सात मेगाहर्ट्झवर देशभरचे हौशी जमतात. सिग्नल कसा येतो असं विचारलं की प्रत्येक जण सांगतो, "फाइव्ह-नाइन, एकदम सुरेख," म्हणजे शंभरात शंभर, आणि त्याच दमात विचारतो, "आपलं नाव पुन्हा सांगता का? आणि गाव? परत एकदा?" सौजन्याचे एवढे डेसिबल दुसऱ्या कुठल्या छंदात मिळत नसतील. भूजच्या भूकंपात, २००१ साली, हौशांनी दुवा जोडून दिला तेव्हा कोणी कोणाला एसडब्ल्यूआर विचारला असेल असं मला वाटत नाही. २०२१च्या मेमध्ये तौक्ते वादळ सिंधुदुर्गाला घासून गेलं, विजेचे खांब लोळले, मोबाइल गेले, तेव्हा आमच्या बाजूच्या अनेक माडांनी झावळ्या खाली घातल्या. माप घ्यायला तार वर उरली नव्हती, आणि जिच्याबद्दल आकडा सांगायचा तीच नसल्याने हौशांत मोठी एकी दिसली.

या सगळ्या यादीत महागडं यंत्र एकच आहे, आणि ते दुकानात नाही. तो पाडेली. माडावर गलोलीने दोर जातो, पण दोर झावळ्यांत अडकला, कप्पी गंजली, वरचा जोड बदलायचा झाला, की वर माणूसच चढावा लागतो, आणि माडावर चढणारी माणसं दर वर्षी कमी होत चाललीत. नारळ पाडायला तो माडागणिक घेतो. अँटेनेच्या माडाचा भाव वेगळा. का, असं विचारलं तर त्याचं उत्तर तर्काला धरून आहे: "थयसून खाली काय पडता? कायच नाय. माका वाटो खंयचो?"

गेल्या खेपेला तो वरून उतरला, कोयती कमरेला लावली आणि नॅनोव्हीएनएच्या पडद्याकडे, म्हणजे छत्रीखाली, वाकून बघितलं. "ह्यात काय दिसता?"

मी सांगितलं, वरच्या तारेत काय चाललंय ते खालून दिसतं.

"मगे नारळ कवळो आसा की जून झालो, ता दिसता काय?"

मी हसणार होतो, पण शास्त्राच्या बाजूने तसं हसू येत नव्हतं. वस्तूत पाणी किती आहे त्यावर तिचे विद्युत गुण बदलतात, आणि फळांतलं, धान्यातलं पाणी मापायला याच प्रकारची यंत्रं वापरतात. शहाळ्यात पाणी जास्त, जून नारळात खोबरं जास्त. तत्त्वतः दिसायला हरकत नाही.

"मगे बघ ना," तो म्हणाला. "माका चढूक नको. पैशे अर्धे घेतंय."

तेव्हापासून परड्यात वेगवेगळ्या वयाचे नारळ ओळीने मांडलेले आहेत. प्रत्येकावर खडूने नंबर आहे. दोन तांब्याच्या पट्ट्यांची चिमटी करून मी ती नारळाला लावतो, पाडेली पारखून नाव सांगतो, कवळो, अडसर, जून, आणि मी आलेख जपून ठेवतो. तिसरा माणूस आपोआप येतो. अँटेना अजून खालीच, दोन माडांना बांधून ठेवलीय. तिच्यावर काल घरच्यांनी दोन टॉवेल वाळत घातले, ते मी पाहिलं, पण त्यावेळी सात नंबरचा नारळ फार चांगलं माप देत होता.